बाबासाहेबांची सवड

बाबासाहेब अठरा अठरा तास अभ्यास करायचे. चौदा एप्रिलला कुठल्याही वस्तीत जा, कुठल्याही मांडवात उभे राहा, हे वाक्य कानावर येतेच. बोलणारा पुढारी असो, मास्तर असो, नाहीतर नुकताच बी. ए. झालेला आपलाच पोरगा असो, अठरा तास ठरलेले. वाक्य खोटे नाही. पण त्या वाक्याची आपण काठी केली आहे. पोरगं कॅरम खेळताना दिसलं, हाण काठी. पोरगी सिनेमाला गेली, हाण काठी. आणि आता आपली पोरं शिष्यवृत्तीवर लंडन-न्यूयॉर्कला जायला लागली तर ही काठी समुद्र ओलांडून त्यांच्या मागे जाते. एखाद्याने तिकडच्या बागेतला फोटो धाडला की इकडे कोणीतरी म्हणणारच, याला समाजाने फिरायला पाठवलंय काय?

चोवीसातून अठरा गेले, उरले सहा. त्या सहा तासांचा इतिहास आपल्याला कोणी सांगत नाही. बावीस वर्षांचा एक तरुण महार विद्यार्थी परदेशात एकटा राहतो. तो फिरायचा कुठे, जेवायचा कोणाबरोबर, मन रमवायचा कशात? हा चहाटळ प्रश्न वाटेल, पण तसा नाही. कोणाला सवड मिळते आणि कोणाला मिळत नाही, यावरच तर ही सारी समाजरचना उभी आहे.

आपल्या बापजाद्यांना सवड होती काय? महारकी वतन आठवा. त्या कामाला घड्याळ नव्हते. रात्री-अपरात्री पाटलाचा निरोप आला की उठायचे, सरकारी टपाल घेऊन पुढच्या गावापर्यंत पळायचे, साहेबाच्या घोड्यापुढे धावायचे, मेलेले ढोर ओढायचे. वतनदार महार आजारी असला तर त्याच्या बापाने जायचे, पोराने जायचे. १८७४ च्या वतन कायद्याने हे सारे पक्के करून ठेवले होते. बाबासाहेबांनी १९२७ मध्ये 'बहिष्कृत भारत'मधून या वतनावर आसूड ओढला, १९२८ मध्ये मुंबई कायदेमंडळात दुरुस्तीचे बिल आणले. वतन कायद्याने गेले ते थेट १९५८ च्या कायद्याने, ते गेल्यानंतर दोन वर्षांनी. तेव्हा ज्याचा दिवसच स्वतःचा नाही त्याची सवड कुठली आलीय? गावच्या चावडीत पारावर पाय सोडून बसायचे म्हटले तरी पार आपला नाही.

म्हणून मी या गोष्टीची सुरुवात न्यूयॉर्कपासून करत नाही, मुंबईच्या चर्नी रोड बागेपासून करतो. परळच्या चाळीतली एकच खोली. त्यात सगळे कुटुंब, स्वयंपाक, जाते, सरपण. बापाने पोराला पहाटे दोनला उठवायचे आणि दिव्याच्या उजेडात अभ्यासाला बसवायचे. शाळा सुटली की हा पोरगा घरी न जाता बागेत जाऊन वाचत बसायचा. तिथे विल्सन हायस्कूलचे मास्तर कृष्णाजी अर्जुन केळुसकर संध्याकाळी यायचे. त्यांनी हा रोज पुस्तकात डोके घालून बसणारा मुलगा पाहिला, चौकशी केली. हा महार आहे हे कळल्यावरही ते उठून गेले नाहीत. १९०७ साली मॅट्रिक झाल्यावर त्याच केळुसकरांनी आपले बुद्धचरित्र त्याला भेट दिले आणि पुढे बडोद्याच्या सयाजीरावांकडे शब्द टाकला. बडोद्याची शिष्यवृत्ती, कोलंबिया, लंडन या सगळ्याच्या मुळाशी एका सार्वजनिक बागेतला बाक आहे. नगरपालिकेची बाग, कोणीही बसावे. त्या बाकावर बसताना जात विचारली असती तर पुढचा इतिहास काय झाला असता, ते ज्याचे त्याने ठरवावे.

४ जून १९१३ ला बडोदे सरकारशी करार झाला. तीन वर्षे महिना साडेअकरा पौंड, बदल्यात दहा वर्षे संस्थानची नोकरी. जुलैच्या तिसऱ्या आठवड्यात भीमराव न्यूयॉर्कला उतरले. आधी विद्यापीठाच्या हार्टली हॉल या वसतिगृहात खोली घेतली. तिथले जेवण काही घशाखाली उतरेना, म्हणून थोड्याच दिवसांत कॉस्मॉपॉलिटन क्लबात बिऱ्हाड हलवले. हा क्लब देशोदेशींच्या विद्यार्थ्यांचा, एकशे चौदाव्या रस्त्यावर. तिथून मग लिव्हिंग्स्टन हॉलमध्ये, नवल भथेना या पारशी मित्राबरोबर. ही दोस्ती जन्मभर टिकली. दुसऱ्यांदा लंडनला जाताना पाच हजार रुपये उसने दिले ते याच मित्राने.

चरित्रकार धनंजय कीर यांनी या दिवसांचे जे वर्णन केले आहे ते वाचताना आपले लक्ष अभ्यासाच्या विषयांकडे जाते. अर्थशास्त्राचे एकोणतीस पाठ्यक्रम, इतिहासाचे अकरा, समाजशास्त्राचे सहा. ठीक आहे. पण त्याच्या आधी दोन ओळी आहेत, त्या पाहा. इतर विद्यार्थ्यांच्या बरोबरीने हिंडता येत होते, आंघोळ करता येत होती, स्वच्छ कापड अंथरलेल्या मेजावर बसून जेवता येत होते. ज्या पोराला साताऱ्याच्या शाळेत घरून आणलेल्या गोणपाटावर वेगळे बसवले, शिपायाने वरून पाणी ओतल्याशिवाय ज्याची तहान भागली नाही, तो पोरगा चार देशांच्या मुलांच्या रांगेत नुसता जेवायला बसला आहे. याच्यापुढे आणखी कुठली करमणूक पाहिजे होती? दुसऱ्याला जे रोजचे, ते याला सणासारखे. कीर म्हणतात, सिनेमा, शहराची ठिकाणे पाहणे असले विचार त्यांच्या मनात आलेच नाहीत. मला वाटते, पैसा हेही त्याचे कारण होते. त्या साडेअकरा पौंडांतून घरी पैसे धाडावे लागत. भूक दांडगी, आणि एक कप कॉफी, दोन केक आणि एखादी मांस-मच्छीची बशी एवढ्यावर भागवायचे.

तरी एक नाद होताच, आणि तो भलताच खर्चिक. जुन्या पुस्तकांची दुकाने. फिरायला जायचे तर तिकडेच. रद्दीतून, ढिगातून, धुळीतून पुस्तक उकरून काढायचे, घासाघीस करायची आणि काखोटीला मारून खोलीवर आणायचे. हा अभ्यास नव्हे हो, हा शौक. अभ्यासापुरती पुस्तके ग्रंथालयात होती की. पण ग्रंथालयाचे पुस्तक परत करावे लागते. ज्या जातीच्या नावावर पिढ्यान्‌पिढ्या सातबाऱ्याला वीतभर रान नाही, तिच्यातला एक पोरगा स्वतःच्या मालकीची पुस्तके जमवत होता. न्यूयॉर्कमध्ये अशी सुमारे दोन हजार पुस्तके जमली. लंडनला निघताना ती एका मित्राच्या हवाली केली, त्यांतली बरीच हरवली. पुढे १९१७ साली लंडनहून परतताना सामान ज्या बोटीने धाडले होते ती युद्धात पाणतीराने बुडाली. नुकसानीचे सहाशे रुपये मिळाले. पुस्तके गेली ती गेलीच. या माणसाने नंतर दादरला राजगृह बांधले ते पुस्तकांना घर पाहिजे म्हणून, हे आपण कौतुकाने सांगतो. त्या घराचा पाया न्यूयॉर्कच्या रद्दीवाल्यांच्या दारात आहे.

दोस्त मात्र मिळाले. कोलंबियाच्या माजी विद्यार्थ्यांच्या मासिकात १९३० साली त्यांनी लिहिले आहे की, आयुष्यातले आपले सर्वांत चांगले मित्र म्हणजे तिथले काही वर्गबंधू आणि तिथले थोर प्राध्यापक. त्यांत ड्यूई, शॉटवेल, सेलिग्मन, रॉबिन्सन ही नावे आहेत. हे लिहिले तेव्हा महाडचा संगर होऊन गेला होता, नाशिकचा चालू होता. आणि हा माणूस दोस्ती म्हटले की सतरा वर्षांपूर्वीच्या परदेशाची आठवण काढतो.

आता जरा थांबू. अमेरिका म्हणजे समतेचा स्वर्ग, असे कोणी समजू नये. त्याच हार्टली हॉलच्या दारात आठ वर्षांनी, १९२१ साली, आणखी एक तरुण सामान घेऊन उभा राहिला. लँग्स्टन ह्यूज. काळा. बाप मेक्सिकोत राहायचा, म्हणून खोलीसाठी अर्ज तिथूनच टपालाने केला होता. पत्त्यावरून कोणाला रंग कळला नाही. प्रत्यक्ष चेहरा पाहिल्यावर मात्र कार्यालयातल्या लोकांची पंचाईत झाली. खोली नाही, जागा भरल्या, असली भाषा सुरू झाली. शेवटी राखीव झालेली खोली द्यावी लागली. आपल्यातल्या ज्यांनी शहरात भाड्याने खोली शोधली आहे त्यांना हा प्रसंग दुसऱ्या भाषेतून समजावून सांगायला नको. फोनवर खोली असते, आडनाव कळले की नसते.

भीमराव महार आहे हे न्यूयॉर्कला वाचता येत नव्हते. ह्यूजची कातडी तिथे सगळ्यांना वाचता येत होती. तिथला एक जण परदेशी, दुसरा आपल्याच देशात परका. ह्यूजला विद्यापीठाच्या वर्तमानपत्रात काम दिले ते विद्यार्थ्यांच्या खासगी मंडळांच्या बातम्या आणायचे, आणि त्या मंडळांच्या पायरीवरही काळ्याला उभे करत नसत. मग त्याची दोस्ती झाली एका चिनी विद्यार्थ्याशी. त्यालाही गोरी पोरे जवळ करत नव्हती.

ह्यूजच्या सवडीचा हिशेब मात्र बाबासाहेबांच्या उलटा. बापाला पोराने खाणींची इंजिनियरी शिकावी असे वाटायचे, पोराला पाहायचे होते हार्लेम. विद्यापीठ टेकडीवर, खाली उतरले की काळ्यांची ही वस्ती. पोरगा वर्ग सोडून तिथेच रमायचा. 'शफल अलाँग' ही काळ्या कलावंतांची संगीत नाटिका तेव्हा गाजत होती, ती गॅलरीत बसून पुनःपुन्हा पाहायची. १९२२ च्या मार्चमध्ये बर्ट विल्यम्स हा मोठा काळा नट वारला. त्या दिवशी परीक्षा होती. ह्यूज परीक्षेला न जाता अंत्ययात्रेला गेला. वर्षभराने विद्यापीठही सोडले. आपल्या मांडवातल्या वक्त्याने याला उनाड ठरवले असते. पण हार्लेमच्या गाण्यातून, गल्लीतून, बोलण्यातूनच त्याची कविता आली. काळ्या साहित्याची जी चळवळ आपल्या लेखकांनी सत्तरीत डोक्यावर घेतली, तिचा हा मोठा माणूस. वर्गातले अठरा तास त्याच्या कामाचे नव्हते, वस्तीतल्या रात्री कामाच्या होत्या.

आणखी एक जण ओघात सांगतो, हू शी नावाचा चिनी विद्यार्थी. कॉर्नेल करून १९१५ साली कोलंबियात ड्यूईकडेच आला. भीमराव तिथे असतानाचेच हे वर्ष. १९१६ च्या उन्हाळ्यात त्याचे काही चिनी दोस्त इथाकाच्या तळ्यावर होडीतून फिरायला गेले. वादळ आले, भिजून काठाला लागले. त्यांतल्या एकाने या सहलीवर जुन्या ग्रांथिक चिनी भाषेत कविता केली आणि हू शीला न्यूयॉर्कला टपालाने धाडली. हू शीने उलट कळवले, ही भाषा मेलेली आहे. वाद पेटला. जानेवारी १९१७ मध्ये त्याचा लेख चीनमध्ये छापून आला आणि लोकांच्या बोलीत लिहायची चळवळ उभी राहिली. होडीतली एक सहल! आपल्या अंकांतल्या बोलीवर शुद्धलेखनाची लाल शाई मारणाऱ्यांना ही गोष्ट जरूर सांगा.

कोलंबिया आणि हार्लेम यांच्या मध्ये एक बाग आहे, मॉर्निंगसाइड पार्क. १९६८ साली विद्यापीठाने त्या सार्वजनिक बागेत व्यायामशाळा बांधायला घेतली. टेकडीवरून विद्यार्थ्यांना वरचे दार, हार्लेमच्या लोकांना खालचे दार, जागाही थोडकीच. काळे विद्यार्थी आणि त्यांच्याबरोबर बरेच गोरे विद्यार्थी उठले, इमारती ताब्यात घेतल्या, पोलिसांचा मार खाल्ला. व्यायामशाळा बंद पडली. खेळायच्या जागेला दोन दारे कशाला, एवढ्यावरून विद्यापीठ बंद पाडणारी ती पोरे. म्हणजे सवडीचा प्रश्न किरकोळ आहे असे त्यांना तरी वाटले नाही.

लंडनचे दिवस याहून करडे. १९१६ मध्ये पहिल्यांदा गेले, शिष्यवृत्ती संपली म्हणून १९१७ मध्ये परतावे लागले. १९२० साली पुन्हा गेले ते साठवलेला पैसा, भथेनांचे कर्ज आणि शाहू महाराजांची मदत यांवर. १९२१-२२ मध्ये मुक्काम प्रिमरोझ हिलजवळ, दहा नंबर किंग हेन्रीज रोड. घरमालकीण कडक, खाणे बेताचे. सकाळी पावाचा तुकडा आणि चहा घेऊन ब्रिटिश म्युझियमचे वाचनालय गाठायचे. बस-ट्यूबचे पैसे वाचवायला पायी. तिथून इंडिया ऑफिसचे ग्रंथालय, इतर ग्रंथालये. रात्री पोटात कावळे ओरडायला लागले की कोणी दिलेले पापड पत्र्यावर भाजायचे आणि कपभर दूध प्यायचे. खोलीतले सोबती अस्नोडकर म्हणत, आता झोपा. उत्तर मिळे की खायला पैसा नाही आणि झोपायला वेळ नाही.

हे आपण अभिमानाने सांगतो. सांगावे. पण त्यात उपासमार आहे हेही सांगावे. चांगले खायला असते, बसचे पैसे असते, तर हा माणूस कमी शिकला असता काय? गरिबीची आरती करायची सवय आपल्यालाही लागली आहे.

आणि रमाई. साहेबांच्या एकेका तासामागे मुंबईतल्या चाळीतला रमाईचा एकेक तास आहे. तिला कुठली सवड? तिने आयुष्यात एक सहल मागितली, पंढरपूरची. साहेब म्हणाले, जिथे बाहेर उभे राहून दर्शन घ्यावे लागते तिथे जायचे नाही, आपण दुसरे पंढरपूर उभारू. २७ मे १९३५ ला ती गेली. साहेबांचे उत्तर बरोबर होते. तरी त्या बाईची एकमेव यात्रा राहून गेली, हे आपल्या इतिहासात लिहिले पाहिजे. आपल्या कार्यकर्त्यांच्या घरीही बैठक रात्री बारापर्यंत चालते आणि चहा करायला कोण उठते, ते बघा.

परदेशातल्या सवडीने नेमके काय केले ते कळते बडोद्याला. 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या आठवणींत बाबासाहेब लिहितात की, युरोप-अमेरिकेतल्या वर्षांनी आपण अस्पृश्य आहोत ही जाणीवच मनातून पुसून टाकली होती. बडोद्याच्या स्टेशनवर उतरले आणि प्रश्न उभा राहिला, राहायचे कुठे? शेवटी पारशी नाव सांगून पारशांच्या धर्मशाळेत शिरले. वरच्या मजल्यावर अडगळीत एकटे. वीज नाही, एका मिणमिणत्या कंदिलाचा उजेड. बोलायला माणूस नाही. मग पुस्तकात तोंड खुपसायचे, वाचत सुटायचे, आणि वटवाघळांच्या फडफडीने पुन्हा भानावर यायचे. न्यूयॉर्कमध्ये जे वाचन शौक होते ते इथे लपायची जागा झाले. माणूस तोच, पुस्तकेही तीच. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेले पारशी आले. संध्याकाळपर्यंत चालते व्हा. दोन ओळखीच्यांकडे विचारले, एक हिंदू, एक ख्रिस्ती झालेला ब्राह्मण. दोघांनीही सबबी सांगितल्या. तेव्हा मुंबईची रात्रीची गाडी यायची होती तोवर ते कामाठी बागेत जाऊन बसले.

ही बाग १८७९ ची, सयाजीरावांची. ज्या राजाने न्यूयॉर्कला पाठवले त्याचीच. राजाच्या पैशाने माणूस जग हिंडून आला, आणि त्या राजाच्या राजधानीत त्याला पाठ टेकायला जागा मिळाली ती बागेतली, तीही गाडीच्या वेळेपर्यंत. तिथे फिरायला आलेली माणसे असतील, पोरे खेळत असतील. त्यांच्यात कोलंबियाचा एम. ए. डोळ्यांत पाणी घेऊन बसला होता.

त्याच आठवणींत दुसरी एक सहल आहे, ती खास कार्यकर्त्यांची. १९३४ साल. चळवळीतले सहकारी म्हणाले, साहेब, एकदा वेरूळ पाहून येऊ. दगदगीतून चार दिवस मोकळे. निघाले. वाटेत दौलताबादचा किल्ला. तोंडे धुळीने माखलेली, किल्ल्याशी पाण्याचे टाके दिसले, कोणी हातपाय धुतले. झाले! मागून एक म्हातारा मुसलमान ओरडत आला, ढेडांनी पाणी बाटवले. बघता बघता गर्दी, शिव्या. शेवटी आत सोडले ते या बोलीवर की किल्ल्यात कुठेही पाण्याला हात लावायचा नाही. वर पाळतीला एक हत्यारी शिपाई. सहलीला गेलेल्या माणसांमागे बंदूक. त्या दिवशी किल्ला कोणाला धड दिसला असेल?

हा सगळा हिशेब त्यांनी मनात ठेवला होता असे मला वाटते, कारण १९४५ साली काँग्रेस आणि गांधींनी अस्पृश्यांसाठी काय केले, या ग्रंथात तो बाहेर येतो. गांधीवाद म्हणतो, यंत्रे नकोत, चरखा चालवा, खेड्याकडे चला. बाबासाहेब विचारतात, मग सवड कोणाला मिळणार? जनावर आणि माणूस यांतला फरकच हा की माणसाला पोट भरण्यापलीकडे मनाची वाढ करायची असते आणि तिला मोकळा वेळ लागतो. यंत्राशिवाय तो वेळ मूठभरांनाच मिळेल, बाकीच्यांनी राबायचे. लोकशाही समाजाला मूठभरांच्या सवडीवर समाधान मानता येणार नाही, प्रत्येकाला ती मिळाली पाहिजे. हे लिहिणारा माणूस पापडावर रात्र काढलेला आहे हे ध्यानात धरून ती पाने वाचा. (त्या ग्रंथाची अर्पणपत्रिका 'एफ' या एका अक्षराला आहे. लंडनच्या दिवसांतली मैत्री त्यामागे आहे, असे चरित्रकार मानतात. आपल्यातले काही जण ते पान घाईने उलटतात. का, देव करायचाय काय त्यांचा?)

नुसते लिहून थांबले नाहीत. १९४२ ते १९४६ व्हाइसरॉयच्या मंडळात मजूर खाते त्यांच्याकडे होते. कारखान्यातल्या कामगाराला पगारी सुट्टी देणारे बिल त्यांनी आणले. आठवड्याचे चोपन्न तास अठ्ठेचाळीसवर आणणारी १९४६ ची दुरुस्तीही त्यांनीच मांडली. म्हणजे आठवड्याला सहा तास कामगाराचे स्वतःचे. अठरा तासांचे भाषण करणाऱ्यांनी या सहा तासांचेही एकदा भाषण करावे.

उतारवयात त्यांनी व्हायोलिन शिकायला घेतले. मास्तर घरी यायचे. बोटे काही फार सफाईने वळत नसतील त्या वयात. पण संविधान लिहिलेला माणूस सारेगम घोटत बसला होता, ही गोष्ट मला अठरा तासांइतकीच मोठी वाटते.

किंग हेन्रीज रोडवरचे ते घर २०१५ साली महाराष्ट्र सरकारने विकत घेतले आणि नोव्हेंबरात तिथे स्मारक उघडले. मग शेजाऱ्यांची तक्रार आली की माणसांची वर्दळ वाढली. कॅम्डेनच्या नगरपालिकेने म्हटले, राहत्या घराचे संग्रहालय करायची परवानगी नाही. प्रकरण वर गेले आणि मार्च २०२० मध्ये परवानगी मिळाली. आता तिकडे शिकणारी आपली पोरे तिथे जातात, टेबल, पुस्तके पाहतात, दारापुढे उभे राहून फोटो काढतात. त्यांना एवढेच सांगायचे आहे, दादांनो, तायांनो, तिथून परत फिरू नका. त्याच रस्त्याच्या अंगाला प्रिमरोझ हिल आहे. १८४२ पासून सगळ्यांना मोकळी असलेली टेकडी. वर चढले की सगळे लंडन खाली पसरलेले दिसते. वर बाके आहेत. तिकीट नाही, आणि आडनाव कोणी विचारत नाही. सोबत डबा न्या.